नाव विचारायचं राहून गेलं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपला एका सोमवारी कुलूपच दिसलं. 14 वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काढलेला मी, भरला डबा तसाच घेऊन घरी.

अनगोळच्या ज्या मामांनी ‘पैशाचं बघू की नंतर’ म्हणत शेडातला जुना लेथ वापरायला दिला, त्यांचे आभार. बेल्ट सारखा निसटायचा. तोही त्यांनीच बसवला. आणि लायसन्सच्या रांगेतल्या त्या अक्का! ट्रेड लायसन्सचा कन्नड अर्ज मला कुठला जमतोय? त्यांनी उभ्या उभ्या भरला. वर, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट असते, एजंटाला 500 देऊ नको, असा दमही दिला.

परवा खानापूरच्या एका शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट टर्न करून दिला. पहिली रोख मजुरी. अक्का, दिसलो तर हाक मारा, आपल्या बेळगावची मिठाई, कुंदा, द्यायचा आहे.