तात्यांचे वकीलपत्र

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला चार महिने उत्तर दिले नाही, याचा तुला राग आला असेल तर तो योग्यच आहे. घरी सर्व ठीक. आईचा गुडघा तसाच आहे आणि माझा रक्तदाब गोळीवर आटोक्यात आहे. आज लिहायला बसलो ते आपले अशील तात्या गेले म्हणून. ते दिवाळी पाडव्याला, २२ ऑक्टोबरला गेले आणि मला ते या सोमवारी, ९ फेब्रुवारीला कळले.

त्यांची मुलगी आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आपण २०२० साली दिलेली त्यांच्या शेताच्या हद्दीच्या दाव्याची प्रत, तुझ्या अक्षरातल्या दुरुस्त्यांसह. ‘आमच्या दादांचा कागद कुठवर आला?’ एवढेच तिने विचारले, वडिलांना ती दादा म्हणते. सासरी राहणाऱ्या त्या बाईला कोल्हापुरात काहीतरी केस आहे यापलीकडे काही ठाऊक नव्हते, आणि भाऊ पुण्यात नोकरीला. तिच्यासमोर मी बोटांवर दिवस मोजले, ते एकशे दहा भरले.

तुला पुढचे सांगायला नको. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२० प्रमाणे वारस रेकॉर्डवर घेण्याचे नव्वद दिवस २० जानेवारीला संपले होते आणि एकट्या वादीचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२, नियम ३ प्रमाणे आपोआप ॲबेट झाला होता, म्हणजे संपला होता. त्यासाठी न्यायाधीशांना लेखणीसुद्धा उचलावी लागत नाही. मला मात्र १७ डिसेंबरची तारीख आठवत राहते. त्या दिवशी मी पुढची तारीख मागणारा अर्ज दिला, ‘वादीतर्फे’ असे लिहून सही केली, आणि वादी जाऊन छप्पन्न दिवस झाले होते. त्याआधी मी दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तो बंद लागला. तिसऱ्यांदा लावला नाही.

समोरचा प्रतिवादी त्याच गावचा आहे आणि मातीला हजर होता, असे मुलगी म्हणाली. तरी डिसेंबरच्या तारखेला तो गप्प बसला. पण मी त्याला कशाला बोल लावू? त्याच आदेशाच्या नियम १० अ ने पक्षकाराच्या मृत्यूची खबर न्यायालयाला देण्याचे काम त्या पक्षकाराच्याच वकिलावर टाकले आहे. पक्षकार गेला की वकीलपत्र संपते, मात्र ही खबर देण्यापुरता वकील आणि मृत पक्षकार यांच्यातला करार चालू आहे असे तो नियम मानतो. परीक्षेत आपण हे एका ओळीत लिहून मोकळे झालो होतो. सोमवारपासून मी तो नियम पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

आता मुख्य काळजी. २०१९ च्या महापुरात पंचगंगेने हद्दीचा दगड नेला आणि पाणी ओसरल्यावर बांध आत सरकला, हे तुझ्यासमोरच तात्यांनी सांगितले होते. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीसाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे न्यायालयातर्फे जागेवर जाऊन अहवाल देणारा माणूस, नेमावा हा आपला अर्ज १३ ऑक्टोबरला फेटाळला गेला. कारण नेहमीचेच, की कमिशनर नेमून पुरावा गोळा करता येत नाही. हद्दीच्या वादात कमिशनर नेमायला हवा होता असे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वक्फ बोर्डाच्या २००८ च्या निकालात म्हटले आहे, तो निकाल मी अर्जाला जोडला होता. असा हुकूम अपील करता येणाऱ्या हुकमांच्या, आदेश ४३ च्या यादीत नाही, म्हणजे अपील नाही. राहते ते संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालचे रिट, म्हणजे उच्च न्यायालयातली याचिका. १८ ऑगस्टला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले तेव्हा तात्या सीपीआर रुग्णालयासमोर, बेंचच्या दारात, येऊन उभे राहिले होते. ‘आता मुंबईला जायला नको, माझा कागद हितंच उघडंल,’ म्हणाले. १५ ऑक्टोबरला त्यांनी रिटच्या वकीलपत्रावर सही केली. एकेक अक्षर सुटे काढायचे आणि शेवटी सगळ्यांवर एकच शिरोरेषा ओढायची, ही त्यांची सही. हुकमाच्या नकलेची वाट बघण्यात आणि माझ्या इतर कामांत ते वकीलपत्र फाइलमध्येच राहिले. आज ते दाखल करता येत नाही. मयताच्या नावाने केलेली याचिका मुळातच निरर्थक ठरते.

मग १३ ऑक्टोबरचा हुकूम तात्यांबरोबर कायम झाला का? रात्रभर विचार करून माझे मत झाले आहे की नाही. जमिनीचा हक्क वारसांकडे जातो, तसा त्या हुकमाला आव्हान देण्याचा हक्कही जातो. वारसांनी आज रिट केले नाही तरी संहितेच्या कलम १०५ प्रमाणे, निकाल विरुद्ध गेल्यास, डिक्रीवरच्या, म्हणजे अंतिम निकालावरच्या, अपिलात त्याच हुकमातली चूक मुद्दा म्हणून घेता येते, जर तिचा परिणाम निकालावर झाला असेल. पण हे सारे दावा जिवंत असेल तर. म्हणून आधी वारस लावण्याचा आणि ॲबेटमेंट रद्द करण्याचा असे दोन्ही अर्ज या आठवड्यात देतो आहे. ॲबेटमेंट रद्द करून घेण्याचे, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२१ चे साठ दिवस २१ मार्चपर्यंत आहेत, त्यामुळे विलंब माफीचा प्रश्न येत नाही. पुरेसे कारण मात्र दाखवावे लागेल. ते नामंजूर झाले तर त्या हुकमावर आदेश ४३, नियम १ (के) प्रमाणे अपील आहे, तीस दिवसांत. म्हणजे कायद्याने दावा बुडवणाऱ्या हुकमाला अपील दिले आणि मोजणी नाकारणाऱ्याला नाही. हे मला पटते.

रंकाळ्यावर आपण यावरूनच भांडलो होतो, आठवते? तू म्हणत होतास की प्रतिवादीच्या मानेवर दावा कायमचा टांगून ठेवता येत नाही, म्हणून मुदत कठोरच हवी. मी म्हणत होतो की प्रक्रिया शिक्षा करण्यासाठी नसते. सीतल प्रसाद सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले आणि मिठाईलाल प्रकरणात २००३ साली नुसत्या वारसांच्या अर्जातही ॲबेटमेंट रद्द करण्याची विनंती वाचता येते असे सांगितले. मी आजही त्याच बाजूला आहे. तरीही प्रतिज्ञापत्रात ‘पुरेसे कारण’ म्हणून मुलीचे अज्ञान लिहिताना माझे न लावलेले फोनही लिहिणार आहे. ते लपवून तिला रेकॉर्डवर आणणे मला जमणार नाही.

एकाच गोष्टीत तुझे मत हवे आहे. वारस लागल्यावर लगेच रिट करावे, की कलम १०५ वर भिस्त ठेवावी? रिटला ठरलेली मुदत नाही, पण उशिराचे कारण विचारले जाईलच. मला वाटते लगेच करावे, कारण जूननंतर नदी पुन्हा शेतात येईल आणि उरलेला बांधही मोजण्यासारखा राहणार नाही.

तात्या दर तारखेला तुला विचारायचे, ‘साहेब, लग्न करताय की त्यालाबी तारीखच?’ तुझी पत्रिका मी त्यांना दाखवली तेव्हा किती वेळ हसले होते. ‘निकाल लागला एकदाचा,’ म्हणाले. सूनबाईंना नमस्कार, बाळाचे नाव काय ठेवले ते कळव. नागपुरात शिकवण्याचे काम रुळले असेल. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र फोनवर नको, लिहूनच पाठव. मला ते फाइलला लावायचे आहे.

तुझा,
विनायक