चार्जिंग पॉइंट व गीझर-एसीच्या वायरिंगसाठी माल मागवण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

विषय: वायर, एमसीबी (जादा करंटवर आपोआप बंद पडणारा स्विच) व आरसीसीबी (विजेच्या गळतीवर बंद पडणारा स्विच) यांच्या खरेदी-ऑर्डरमधील अटी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

फ्लॅटमधील गीझर-एसीचे पॉइंट आणि पार्किंगमधील विजेच्या गाड्यांचे चार्जर यांची कोटेशने सूचनाफलकावर वाचली. सर्वांत कमी दराच्या कोटेशनात वायरपुढे फक्त ‘कॉपर, आयएसआय’ आणि संरक्षणापुढे ‘ईएलसीबी’ (गळती-संरक्षणाचा जुना, ढोबळ शब्द) असे लिहिले आहे. एवढ्या मजकुरावर ऑर्डर गेली तर डुप्लिकेट माल आला तरी परत करता येणार नाही. म्हणून दर ठरवण्याआधी पुढील गोष्टी ऑर्डरमध्ये घालाव्यात.

वायरीवर आयएस ६९४ (आयएस म्हणजे भारतीय मानक), ११०० व्होल्ट, साइज आणि सीएम/एल म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) परवाना क्रमांक छापलेला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून उत्पादकाचे नाव, परवान्याची मुदत आणि आपली साइज त्यात आहे का, हे तिन्ही पाहावे. नुसता क्रमांक सापडला म्हणजे झाले असे नाही. क्रमांक खरा असूनही तो पंख्याचा असू शकतो!

छपाईची नक्कल होते, रोधाची होत नाही. ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या लवचिक वायरीचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ४.९५ ओहमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे ९० मीटरच्या बंडलाला सुमारे ०.४५ ओहम. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजू नये, त्याच्या प्रोबचाच रोध हिशेब बिघडवतो. बंडल न उलगडता दोन टोकांतून डीसी सप्लायने बरोबर १ अँपिअर सोडावा आणि मीटरचे प्रोब सप्लायच्या टर्मिनलला न लावता थेट वायरीच्या टोकांना लावून व्होल्टेज पाहावे. १ अँपिअरला जितके ओहम तितकेच व्होल्ट, म्हणून ०.४५ व्होल्टच्या आसपास आले तर ठीक. ३५ अंशांच्या उन्हाळ्यात ०.४७ पर्यंत जाईल. ०.७ आले तर एकतर तांबे कमी आहे, नाहीतर वरून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. २.५ स्क्वेअर एमएमसाठी हाच आकडा ०.७२ व्होल्ट. दर दहा बंडलांतून एक, तेही समितीने निवडलेले. वायरमनने पुढे केलेले नको.

मुलाम्याच्या वायरीचा खरा धोका जोडावर असतो. स्क्रूखाली ॲल्युमिनियम हळूहळू दबते, त्यावर ऑक्साइड चढतो आणि जोड सैल होतो. जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आणि १६ अँपिअर वाहिले, तर त्या एका ठिकाणी २५ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लास्टिकच्या डबीत. करंट मात्र नेहमीएवढाच असल्याने एमसीबीला यातले काहीच कळत नाही.

एमसीबीवर आयएस/आयईसी ६०८९८-१, ‘सी १६’ असे रेटिंग आणि चौकटीत १०००० हा आकडा (शॉर्ट सर्किटचा किती अँपिअर करंट तोडता येतो तो) हवा. डुप्लिकेट एमसीबी खटका दाबला की चालू-बंद होतो. बायमेटलची पट्टी (तापली की वाकून एमसीबी पाडणारी) किंवा ठिणगी विझवणाऱ्या पट्ट्या आत आहेत की नाहीत ते बाहेरून कळत नाही. प्रत्येक खोक्यातील एक नग फोडून पाहावा, दुसरा टेस्टिंग करणाऱ्याकडे द्यावा: १६ अँपिअरचा एमसीबी ४०.८ अँपिअरवर एका मिनिटात पडलाच पाहिजे. फोडलेल्या नगाचे पैसे सोसायटीने द्यावेत, त्यावरून घासाघीस नको.

गीझर लावला की एमसीबी पडतो म्हणून तिथे ३२ चा बसवणे हा आपल्याकडचा लाडका उपाय. मग २.५ स्क्वेअर एमएमची वायरच फ्यूज बनते, म्हणजे एमसीबी पडण्याआधी वायर तापून जळते. गीझर-एसीला ४ स्क्वेअर एमएम आणि १६ ते २० अँपिअरचा एमसीबी, ७.४ किलोवॅटच्या चार्जरला स्वतंत्र ६ स्क्वेअर एमएम आणि ४० चा एमसीबी धरावा. वायर पाइपात किती आणि किती लांब जाते ते पाहून लायसन्सधारक कंत्राटदाराने साइज लेखी द्यावी. सॉकेट आयएस १२९३ चे. चार्जरला सॉकेट नकोच, वायर थेट टर्मिनलमध्ये.

कोटेशनमधील ‘ईएलसीबी’ या शब्दाने काहीच ठरत नाही. गीझरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आयएस १२६४० चा. चार्जरला मात्र साधा एसी टाइप (फक्त एसी करंटची गळती ओळखणारा) चालणार नाही, कारण गाडीच्या बाजूने डीसी गळती आली तर तो आंधळा होतो. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखण्याची सोय असेल तर ए टाइप, नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा बी टाइप. बी टाइप बराच महाग असतो, म्हणून चार्जरचे कागद आधी मागवावेत. आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही. सोबत एमसीबी लागतोच.

माल तपकीर गल्लीतून (पुण्यातील विजेच्या सामानाचा बाजार) घ्यायला हरकत नाही. फक्त विक्रेत्याचे नाव कंपनीच्या संकेतस्थळावरील अधिकृत यादीत पाहावे, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कंपनी, साइज, नग लिहून घ्यावेत. ‘कच्च्यात घ्या, अठरा टक्के वाचतील’ असे कोणी म्हणाले, की तो दर कोटेशनमधून बाद.

चार्जर सहा बसणार असतील तर एकदम चालू झाल्यावर ४४ किलोवॅट होतात. सोसायटीच्या वीजजोडणीच्या मंजूर भाराचा आकडा ऑर्डरआधी काढून ठेवावा.

डीसी सप्लाय आणि मीटर आम्ही आणू. बंडले स्टोअररूममध्ये उतरली की कळवावे, तपासणी होईपर्यंत एकही बंडल फोडू देऊ नये.

आपले,
बी विंगमधील विद्युत क्षेत्रात काम करणारे सभासद