अंगठा फुटला तर नवीन कुठून आणायचा?

संपादक महोदय,

रेशनच्या ई-केवायसीच्या, म्हणजे मशीनवर अंगठा लावून ओळख पटवण्याच्या, बातम्या तुमच्या पेपरात येतायत म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला काजू फॅक्टरीत बिया फोडणाऱ्या बायकांचे हात एकदा बघा, टरफलातलं तेल इतकं जहाल की चामडी सोलवटते, राख लावा नाहीतर खोबरेल चोळा, बोटांवर रेषा म्हणून राहत नाहीत. अशी बाई मशीनवर अंगठा ठेवते, पदराला पुसते, परत ठेवते, मागची रांग कुरकुरते आणि दुकानदार म्हणतो ओटीपी सांगा. ओटीपी गेलेला असतो नालासोपाऱ्याला मुलाच्या मोबाईलवर आणि तो लोकलमध्ये लटकलेला. बाई समोर उभी आहे, दुकानदार तिला लहानपणापासून ओळखतो, तरी ती तीच हे मुंबईहून कळायला पाहिजे!

हा झाला रोजचा ताप, पण मला भीती वेगळीच आहे. अंगठ्याला आपण पासवर्ड करून टाकलंय, आणि तो तर आपण जाऊ तिथे ठेवून येतो. खरेदीखतावर तर शाई लावून स्वतःच उमटवतो. हरियाणात अशाच दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवले आणि आधारवरून लोकांच्या खात्यातले पैसे काढले, पोलिसांनी पकडलं ते प्रकरण. २०२३ मध्ये यूआयडीएआयने, म्हणजे आधार चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, जिवंत बोट की नक्कल हे ओळखणारी तपासणी आणली, बरं केलं. पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठ्याचं काय करणार?

डिजिटल सहीचं तसं नाही. तिची गुप्त किल्ली टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राईव्हसारख्या वस्तूत असते, टोकन हरवलं तर सहीचं सर्टिफिकेट रद्द करून नवीन घेता येतं. ऑनलाईन सातबाऱ्यावर हीच सही असते, फाईलमध्ये कोणी एका गुंठ्याचा जरी फेरफार केला तरी पडताळणीत सही बाद होते, २००० च्या आयटी कायद्याने तिला मान्यता आहे. तरी एका बँकेत मला विचारलं, तलाठ्याचा शिक्का कुठाय? (अर्थात टोकन आणि पिन दोन्ही ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये टाकून साहेब मीटिंगला गेले की ती सही नेमकी कोणाची, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांवरून-डोळ्यांवरून ओळख, लॉक करता येतं, आधारच्या अ‍ॅपवर किंवा वेबसाईटवर, लागेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं. कितीजणांना माहितीय? माहिती असून तरी काय, त्यालाही ओटीपी लागतो, म्हणजे परत नालासोपारा. बँकांनी अंगठ्यावर पैसे काढायची सोय खातेदाराला विचारूनच चालू करावी, आणि दर वेळी पावती हातात द्यावी, नुसतं "झालं काकी" नको. पैसे गेलेच तर ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवायचं असतं, तुमची चूक नसेल आणि तिसऱ्यानेच हात मारला असेल तर नुकसान तुमच्यावर पडत नाही असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला, पण बाईला पैसे गेल्याचं कळणार कसं, मेसेज मुलाला जातो आणि त्याला वाटतं आईनेच काढले असतील.

तेव्हा प्रशासनाला एवढीच विनंती, गणपतीत चाकरमानी गावी असतात तो आठवडा आधार केंद्रं उघडी ठेवा. मुलगा आईला घेऊन येईल, तिचा स्वतःचा मोबाईल नंबर आधारला जोडून होईल, बोट नाही उमटलं तर डोळ्यावरून घ्या.

एक वाचक, वेंगुर्ला