आईचा पाय बांधणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

विश्रामबागेतल्या आमच्या घरी येऊन आपण आईच्या घोट्याजवळच्या जखमेची पट्टी बदलत होता, तेव्हा आपल्याला निघायची घाई असे आणि आभार दारातच उरकले जात. ते सविस्तर मानावेत, आणि न भरणारी जखम घेऊन बसलेल्या इतर वडीलधाऱ्यांच्या घरीही ते वाचले जावेत, म्हणून हे उघड पत्र.

जखमेवर काय लावावे हे सांगणारे पुष्कळ भेटले होते. सांगली हळदीच्या पेठेचे गाव, तेव्हा चिमूटभर हळदीचा सल्ला तर येणारीजाणारी प्रत्येकजण देऊन गेली. जखम मुळात का झाली, हे मात्र आपण पाहिलेत. नडगीवर अंगठा दाबल्यावर पडणारा खड्डा आणि घोट्याभोवतीची तपकिरी झालेली कातडी दाखवून आपण समजावलेत की, शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर न चढता पायातच साचते, त्या दाबाने कातडी कमकुवत होते आणि साधे खरचटलेलेही महिनोन्महिने भरत नाही. अशा जखमेचे मुख्य औषध म्हणजे दाब देणारी पट्टी. तरीही डॉक्टरांकडून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून घेतल्याशिवाय आपण ती बांधली नाहीत, कारण घोट्याचा दाब दंडाच्या ०.८ पटीहून कमी भरला तर धमन्याच अरुंद झाल्याची शंका असते आणि घट्ट पट्टीने पायाला उलट अपाय होऊ शकतो.

बोटांच्या मुळापासून सुरुवात करून, टाच न सोडता, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुडघ्याखालपर्यंत नेणारे आपले हात मी पाहत असे. आई कुरकुरायची, “अगं पोरी, जरा ढिल्लं बांध की!” आपण हसून तिची बोटे हलवून बघायचात, त्यांचा रंग तपासायचात, पण पट्टी सैल करत नव्हता.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हा आमच्याकडचा पक्का समज. आपण ती सलाइनने धुऊन ओलसर राहील अशी झाकलीत. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते, असे दाखवले होते. इतकी जुनी गोष्ट अजून घरोघरी पोहोचू नये, याचे नवल वाटते. पू, ताप किंवा पसरणारी लाली नसताना अँटिबायोटिकसाठी आम्ही धरलेला हट्टही आपण मानला नाहीत. त्याऐवजी ताकभातावर दिवस काढणाऱ्या आईच्या ताटात मुगाचे धिरडे, दही आणि उसळ आणायला लावलेत, कारण प्रथिनांवाचून नवे मांस धरत नाही.

पारदर्शक कागदावर मार्करने जखमेची कड गिरवून आपण खाली तारीख लिहीत होता. ते सगळे कागद आईने जपून ठेवले आहेत आणि पाहुणे आले की ती ते एकावर एक ठेवून दाखवते.

जखम आता पूर्ण भरली आहे. झडपांचा दोष कायम असल्याने दाबाचे मोजे चालूच ठेवायचे, हे आईला पटले आहे. जुना जोड सैल झाला आहे, तेव्हा नव्याचे माप आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी, सूज चढण्याआधीच घेऊ.

आपली कृतज्ञ,
आईची थोरली लेक