आप्पांची पद्मिनी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ सप्टेंबर

प्रिय सुहास,

बाकीचं मागनं सांगतो. आप्पांची पद्मिनी गाडी काल संध्याकाळी सुरू झाली! पन्हाळ्याच्या चढाला चाकामागं दगड लावून आपण जिच्याशेजारी उभे होतो, तीच.

पाणी कुठं जातंय कळत नव्हतं, मागनं पांढरा धूर, आठवतंय? घरी येऊन तेलाची पट्टी ओढली तर तेल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पातळ पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलेलं. तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळं गाडी तापली की हेड वाकतं. एकानं 'भंगारात घाला' म्हणून सांगितलं, आणि अकरा वर्षं ती शेडमध्येच राहिली. आप्पा गेल्यावरही आईनं विकायचं नाव काढू दिलं नाही.

यंदा मे महिन्यात काका म्हणाले, "हात काळे करणार असशील तर मी शेजारी बसतो." काकांचं अख्खं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलेलं. पण त्यांनी एकाही पान्याला हात लावला नाही. हेडचा एक नट हलेना म्हणून मी पान्याला पाइप घालून लटकलो, तर केवढ्यानं ओरडले! "सोड! स्टड तुटला तर ब्लॉकमधनं काढताना रडशील. डिझेल सोड आणि झोप जा." दुसऱ्या दिवशी सकाळी नट निघाला.

वाल्व उघडणारे आठ दांडे, म्हणजे पुशरॉड, ज्याच्या त्याच्या जागीच परत गेले पाहिजेत, कारण प्रत्येकाची झीज वेगळी. आईनं पेढ्यांच्या खोक्याला आठ भोकं पाडली, आकडे घातले आणि एकेक पुसून उभा केला. हेड उचललं तर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केटवर करंगळीएवढी जळकी रेघ. एवढ्याशा रेघेपायी अकरा वर्षं, सुहास! मी तिथंच पायरीवर बसलो.

हेड उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं. वाल्व मात्र मी बसवले. ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी कपाची काठी तळहातांत धरून रवीसारखी घुसळायची, मधेच उचलून जागा बदलायची. सीटवर सलग राखाडी कडं उमटलं की थांबायचं. मग झिरपतंय का बघायला पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं. दोन वाल्व झिरपले. काका नुसते "हं" म्हणाले. ते दोन पुन्हा घासले.

रिंगा, कार्बोरेटर, नवीन तेल यांचं भेटल्यावर सांगेन. हेडचे नट मधनं कडेला, तीन फेऱ्यांत आवळले. काल चावी फिरवली तर आधी खोकली, मग धरली. काकांनी कान लावून टॅपेटचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. आई हात पुसत आली आणि न बोलता पुढच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या बाजूला बसली. रंकाळ्याला एक चक्कर मारली. तापमानाचा काटा मधेच राहिला.

खंडेनवमीला पाने आणि फिलर गेज पूजेला मांडणार आहे. तू यायचंच. येताना पुण्यात जुन्या बाजारात डिस्ट्रिब्युटरची टोपी मिळते का बघ, हिची तडकलीय. चार सिलिंडरची, पद्मिनीची म्हणून सांग.

तुझा,
विजू