सासऱ्यांचा खोकला

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं पिल्लू कसं लुळं पडलं ते सांगताना "साधं रक्तसुद्धा तपासलं नाही गं डॉक्टरांनी" असं तू तीनदा म्हणालीस. तेव्हा तू रडत होतीस, म्हणून मी गप्प बसले.

तू अडीच महिन्यांची असताना दूध पिऊन माझ्या खांद्यावर अशीच लुळी पडली होतीस. ओठ निळसर. अर्ध्या मिनिटात सावरलीस, रडलीससुद्धा. पण तेव्हा रक्त, लघवी, एक्स-रे, सगळं झालं. पाठीतलं पाणीही काढलं. नर्सने तुझे गुडघे पोटाशी दुमडून धरले आणि मला बाहेर काढलं. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघतात त्यात, काहीतरी उगवलं म्हणून चार दिवस अँटिबायोटिक. शेवटी निघालं काय, तर ते जंतू कातडीवरचे, रक्त घेताना आत गेलेले! तोवर तुझ्या हातावर सुई टोचायला जागा उरली नव्हती.

पिल्लू दिवस भरून जन्मलेलं, दोन महिने उलटलेले, पहिलीच वेळ, मिनिटाच्या आत सावरलं, ताप नाही, तपासणीत सगळं ठीक. अशा बाळाचं रक्त, पाठीतलं पाणी, छातीचा एक्स-रे करू नये, असंच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलंय. लघवीचीही गरज नाही म्हणतात. तुमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, पायाला ऑक्सिमीटर लावून तीन तास नजरेखाली ठेवलं. हयगय नव्हती ती.

चुकलीस तू, मने. "घरात कुणाला खोकला?" असं त्यांनी विचारलं आणि सासरे शेजारी उभे म्हणून तू "नाही" म्हणालीस. तीन आठवडे खोकतायत ते! मोठ्यांना नुसता चिवट खोकला वाटतो, पण तो डांग्या खोकला असू शकतो. इतक्या लहान बाळाला तो झाला तर श्वास घेतानाचा 'हूप' आवाज येईलच असं नाही, कधी खोकलाही नसतो, श्वासच थांबू शकतो. त्यासाठी नाकातून स्वॅब घेतात. ही एक तपासणी त्यांनी कदाचित केलीही असती, पण तुझं उत्तर ऐकून सोडून दिली.

आजच डॉक्टरांना फोन करून सासऱ्यांच्या खोकल्याचं सांग. पुन्हा तसं झालं किंवा अंग ३८ अंश सेल्सिअसवर गेलं, तर फोनवर वेळ घालवू नकोस, थेट घेऊन जा. तेव्हा मात्र सुया टोचल्या तरी अडवू नकोस.

सासऱ्यांशी मी बोलते. तू वाईट व्हायचं कारण नाही.

तुझी,
आई