वेचणीला जाणारी आई आणि बाळाचं दूध

महोदय,
पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, हे आशाताई घरोघर सांगतात, बरोबरच आहे. पण बाळंतीण दोन-अडीच महिन्यांत कापूस वेचायला निघते, तेव्हा काय? २६ आठवड्यांची पगारी रजा शेतमजूर बाईला कुठली! मग घरी आजी डब्याची पावडर कालवते, तीही पुरवून वापरायची म्हणून पातळ. डॉक्टरांनी सांगितली तर पावडर जरूर द्यावी, पण मापानं आणि उकळलेल्या पाण्यात. हातानं पिळून काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवून वाटी-चमच्यानं पाजता येतं. पंप लागतोच असं नाही. २५ अंशांपर्यंत ते चारेक तास टिकतं, आपल्याकडच्या उकाड्यात त्याहून कमी. गरोदरपणाच्या तपासणीतच हे बायांना करून दाखवावं, सासूलाही सोबत बसवून.

– एक वाचक, जि. यवतमाळ